पीआयडीपीआय (पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर अँड प्रोटेक्शन ऑफ इन्फॉर्मर्स) : भ्रष्टाचार कळवायची सरकारी टपाल सेवा, गोव्यातल्या नोकरदारासाठी रिव्ह्यू (५ पैकी २ स्टार)

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. तुम्ही केंद्राच्या नोकरीत असाल, म्हणजे बंदर, कस्टम्स, रेल्वे, सरकारी बँक, एलआयसी असलं काही, आणि ऑफिसात पैसे खाण्याचा प्रकार डोळ्यांदेखत चाललाय, तर केंद्रीय दक्षता आयोगाची ही सेवा वापरा, पण खालचं सगळं वाचून मगच. तुम्ही गोवा सरकारच्या नोकरीत असाल, पीडब्ल्यूडी, वीज खातं, पंचायत, खाण खातं, तर ही सेवा तुमच्यासाठी नाहीच, पाकीट पाठवून काही होणार नाही. आणि तुम्ही तोच कागद एखाद्या पत्रकाराच्या हातात दिलात तर या सेवेचं कसलंही संरक्षण तुम्हाला नाही, उलट १९२३ चा एक कायदा तुमची वाट बघत बसलाय. दोन स्टार का आणि तीन का कापले ते सविस्तर लिहिते, कारण यावर मराठीत कोणी नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नाही आणि लोक अर्धवट ऐकून पाकिटं पाठवतात.

मी वास्कोची. युनियनचं काम बरीच वर्षं केलं त्यामुळे अजूनही लोक कागद घेऊन घरी येतात, ताई जरा बघा ना म्हणून. कोणाच्या तक्रारी, कुठलं ऑफिस, पुढे त्यांचं काय झालं, यातलं एक अक्षर इथे लिहिणार नाही, गोवा केवढासा आहे, नुसता महिना सांगितला तरी वास्कोत कोणीतरी बोट ठेवून सांगेल की हा अमक्याचा मुलगा. तेव्हा हा रिव्ह्यू त्या व्यवस्थेचा आहे, नियम काय म्हणतात, पाकीट कसं जातं आणि नाव फुटलं तर पाठीशी कायदा कुठला उभा राहतो याचा.

ही सेवा आली कुठून ते आधी माहीत पाहिजे. सत्येंद्र दुबे नावाचा इंजिनियर, आयआयटी कानपूरचा, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात होता, सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातली लूट बघून त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याला गोळ्या घातल्या. सीबीआयने हा लुटीतला खून म्हटलं आणि २०१० मध्ये तिघांना जन्मठेप झाली, ते काय असेल ते असो, पण गुप्त ठेवा म्हणून सांगितलेलं नाव सरकारी फायलीत फिरत राहिलं हे तर कोणी नाकारलेलं नाही. देशभर संताप झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, कायदा येईपर्यंत काहीतरी व्यवस्था करा असं कोर्टाने सांगितलं आणि मग एप्रिल २००४ मध्ये केंद्र सरकारने एक ठराव काढला, तोच हा पीआयडीपीआय. ठराव म्हणतेय मी, कायदा नाही. हा फरक पुढे फार महागात पडतो.

आता चालतं कसं. फी काही नाही. तक्रार बंद पाकिटात, पाकिटावर इंग्रजीत पीआयडीपीआय ही अक्षरं ठळक लिहायची, पत्ता आयोगाच्या सचिवांचा, सतर्कता भवन, नवी दिल्ली. पाकिटावर तुमचं नाव नको. आत मात्र नाव आणि पत्ता हवाच, तक्रारीच्या सुरुवातीला किंवा शेवटी किंवा वेगळ्या कागदावर, निनावी तक्रार या योजनेत घेतच नाहीत. तिकडे पाकीट उघडलं की आधी तुम्हाला पत्र येतं, ही तक्रार तुम्हीच केली का याची खात्री करायला, तुम्ही हो म्हटलंत की नाव बाजूला काढून फक्त मजकूर पुढे जातो. ही जी नाव कापून मजकूर पुढे पाठवायची पद्धत आहे तिला मी एक पूर्ण स्टार देते, दुबेंच्या वेळी नेमकं हेच झालं नव्हतं. दुसरा स्टार यासाठी की अक्षरं पाकिटावर लिहिली नसतील तर नाव गुप्त ठेवायची जबाबदारी आमची नाही, हे आयोग आधीच स्पष्ट सांगतो. हे प्रामाणिक आहे, निदान माणसाला कळतं कुठे उभा आहोत. ईमेल किंवा वेबसाइटवरून पाठवलेलं मात्र या संरक्षणात धरत नाहीत, टपालच लागतं, हे तरुण पोरांना पटत नाही पण नियम तसा आहे.

पोस्टातली गंमत नाही, त्रास सांगते. डाक विभागाने पोस्टांना कळवलेलं आहे की असल्या पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाइल यांचा आग्रह धरू नका. चांगला निर्णय. पण काउंटरवर बसलेल्या माणसापर्यंत तो पोचलाय का हा प्रश्न. आमच्या भागातल्या एका पोस्टात मी स्वतः एकीबरोबर उभी होते, स्पीड पोस्ट करायचं होतं, काउंटरवरचा पोरगा स्वभावाने चांगला पण त्याचं एकच, "बाय, नांव बरोवंकच जाय, सिस्टम घेना," म्हणजे नाव लिहायलाच पाहिजे, सिस्टम घेत नाही. मागे लाइन लागलेली, लाइनीत दोघे ओळखीचे, आणि पाकिटावर ती अक्षरं एवढी मोठी. मी त्याला हळू आवाजात सांगितलं की बाबा यावर नाव लागत नाही, आत पोस्टमास्तरांना विचार, तो पाकीट हातात उंच धरून आत विचारायला गेला. उंच धरून. सगळ्या लाइनीने बघितलं. बरोबरच्या बाईचा चेहरा उतरलेला मला अजून दिसतो. पोस्टमास्तरांनी नियम काढून बघितला आणि शेवटी घेतलं, पण तोवर ज्यासाठी एवढा खटाटोप ते गुप्त राहिलं कुठे? म्हणून माझा सल्ला, आपल्या गावच्या पोस्टात जाऊ नका, वास्कोवाल्यांनी पणजीला जा, फोंड्याच्याने मडगावला जा, नाहीतर पुरेशी तिकिटं चिकटवून लाल पेटीत टाका, ट्रॅकिंग मिळणार नाही पण चेहरा वाचेल. आणि आत पत्ता घरचा द्या, ऑफिसचा चुकूनही नको, कारण खात्री करणारं पत्र त्या पत्त्यावर येतं आणि ऑफिसात टपाल कोण उघडतं ते तुम्हाला माहीत आहे.

आता पहिला स्टार कुठे कापला ते. आयोगाचे नियम एका बाजूला म्हणतात की मजकुरातून तुमची ओळख कळेल असं काही लिहू नका, दुसऱ्या बाजूला म्हणतात की तक्रार नेमकी आणि तपासता येण्यासारखी हवी. दिल्लीच्या हजार माणसांच्या मंत्रालयात हे दोन्ही जमेलही. गोव्यातल्या शाखेत एका टेंडरची फाइल तिघांनी हाताळलेली असते, त्यातला एक साहेब, एक साहेबाचा माणूस आणि तिसरे तुम्ही. नेमकं लिहिलं की तिसरा कोण हे साहेबाला पहिल्या पानावर कळतं, मग नाव कापा नाहीतर ठेवा. आणि नेमकं नाही लिहिलं तर तक्रार मोघम म्हणून बाजूला.

कागदांचंही तेच. लोक माझ्याकडे झेरॉक्स घेऊन येतात आणि त्यांना वाटतं यावर तर माझं नाव नाही. मी तो कागद खिडकीपाशी धरून दाखवते, हा कोपऱ्यातला पेन्सिलचा टिक कोणाचा, ही आवक नंबरची शाई, हे समासातलं इनिशियल, आणि ही प्रत्येक पानावर खालपर्यंत आलेली बारीक रेघ, ती झेरॉक्स मशीनच्या काचेवरच्या ओरखड्याची, तुमच्या सेक्शनच्या मशीनची. एवढं बघितलं की माणूस खुर्चीत बसतो. अमेरिकेत २०१७ मध्ये रिअॅलिटी विनर नावाच्या मुलीचं असंच झालं, रशियाच्या निवडणूक हॅकिंगबद्दलचा एक गुप्त अहवाल तिने बाहेर पाठवला, सरकारने फक्त बघितलं की हा कागद प्रिंट कोणी कोणी केला, सहाच माणसं निघाली, त्यातल्या एकीनेच ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून त्या न्यूज साइटला ईमेल केलेला होता. २०१८ मध्ये ६३ महिन्यांची शिक्षा. तिथे सहा जण होते. आपल्याकडे तीनच असतात.

ओळख कळली तर पुढे काय, हा या रिव्ह्यूचा खरा गाभा आणि राहिलेले दोन स्टार इथेच गेले. ठरावात लिहिलंय की तक्रार केली म्हणून त्रास झाला तर आयोगाकडे अर्ज करा, आयोग योग्य ते निर्देश देईल. ठीक. पण समोरच्याच्या हातात काय आहे ते बघा. नोकरीचे नियम आहेत, केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत परवानगीशिवाय सरकारी माहिती बाहेर देणं बंद आहे, म्हणजे चार्जशीट लगेच तयार. बदली तर काय, शुक्रवारी ऑर्डर निघते. आणि सगळ्यात वर शासकीय गुपिते अधिनियम, १९२३. ब्रिटिशांनी स्वतःच्या राज्याला जपायला केलेला कायदा, आपल्या गोव्यात तर तेव्हा ब्रिटिशही नव्हते, इथे पोर्तुगिजांची सेन्सॉरशिप होती, लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून पास करून छापायला लागायच्या असं आमच्या घरातली म्हातारी माणसं सांगायची, ती गेली आणि मुक्तीनंतर हा कायदा आला. याच्या कलम ५ मध्ये गुप्त कागद देणारा आणि घेणारा दोघेही अडकतात, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि गुप्त म्हणजे नक्की काय याची व्याख्याच कायद्यात नाही. साहेबाने शिक्का मारला की झालं गुप्त. लोकांच्या हितासाठी दिलं, देशाचं काडीचं नुकसान झालं नाही, असा बचाव त्या कलमात कुठेही लिहिलेला नाही.

काही जण म्हणतात ताई हे हेरांसाठी आहे, आपल्याला कोण लावणार. मग ऐका. जून २००२ मध्ये काश्मीर टाइम्सचे दिल्लीतले पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना या कायद्याखाली उचललं, त्यांच्या कॉम्प्युटरवर काश्मीरमधल्या सैन्याच्या आकडेवारीचा एक कागद सापडला म्हणून. तो कागद पाकिस्तानातल्या एका संस्थेने उघड छापलेला, इंटरनेटवर कोणालाही मिळणारा होता. सात महिने तिहारमध्ये काढले त्यांनी, जानेवारी २००३ मध्ये सरकारनेच केस मागे घेतली. सात महिने मात्र गेले ते गेलेच. मुंबईत २०११ मध्ये तारकांत द्विवेदी या पत्रकाराला रेल्वे पोलिसांनी याच कायद्यात अटक केली, बातमी काय तर सीएसटीच्या शस्त्रागाराचं छप्पर गळतंय आणि २६/११ नंतर घेतलेली हत्यारं भिजतायत. आता मला सांगा, गळकं छप्पर हे देशाचं गुपित कसं होतं? गुपित होतं ते कोणाच्या तरी हलगर्जीचं. २०१८ च्या जानेवारीत ट्रिब्यूनच्या पत्रकाराने ५०० रुपयांत आधारची माहिती कशी मिळते ते दाखवलं, तेव्हा कलमं दुसरी होती, पण पहिला एफआयआर झाला त्यात त्या पत्रकाराचंच नाव होतं. केस टिकते की नाही याला महत्त्वच नसतं हो, तिचा उपयोग दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाकीच्यांनी गप्प बसावं एवढाच, आणि ते लगेच होतं.

राफेलच्या वेळचं तर सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. ६ मार्च २०१९ ला अॅटर्नी जनरलनी सुप्रीम कोर्टात सांगितलं की द हिंदूत छापून आलेले कागद संरक्षण मंत्रालयातून चोरीला गेलेत, गुपिते कायदा लागतो, दोनच दिवसांनी म्हणाले चोरी नव्हे, फोटोकॉपी. १० एप्रिलला कोर्टाने सरकारचा आक्षेप फेटाळला आणि कागद बघायचं ठरवलं. पुढे खरेदीच्या चौकशीला नकार देणाऱ्या डिसेंबर २०१८ च्या निकालाची फेरविचार याचिका नोव्हेंबरमध्ये फेटाळली गेली हेही खरं, पण माझा मुद्दा राफेल खरेदीचा नाही. कागद खरा आहे की नाही याच्या आधी तो आला कुठून हे विचारायचं, ही जी सवय आहे ती दिल्लीपासून पंचायतीपर्यंत एकच आहे. गावच्या ग्रामसभेत कोणी एस्टिमेट वाचून दाखवलं तर पहिला प्रश्न काय येतो? हा कागद तुला कोणी दिला.

एक आक्षेप मला घरातूनच ऐकायला लागतो आणि तो मी खोडून काढत नाही. आमचं वास्को म्हणजे नेव्हीचं गाव, दाबोळीला विमानतळ नेव्हीचा, शेजारीपाजारी निम्मे नेव्हीत नाहीतर बंदरात. बोटी कधी सुटतात, कुठे जातात, हे बाहेर जाता कामा नये हे मलाही मान्य, तसला कागद विकणारा माणूस आत गेलाच पाहिजे. म्हणूनच तर कायद्याला फरक कळला पाहिजे की हा पैशासाठी शत्रूला देतोय आणि ही चोरी थांबावी म्हणून सांगतेय. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये, आपल्या पहिल्याच अहवालात, हा १९२३ चा कायदा रद्द करा आणि खऱ्या सुरक्षेच्या गोष्टींपुरतं वेगळं प्रकरण दुसऱ्या कायद्यात घाला असं सांगितलं होतं. कोणी विरोधक नाही, सरकारनेच नेमलेला आयोग. कायदा जागच्या जागी आहे.

आणखी एक जे आपल्याकडे फार ऐकायला मिळतं, योग्य मार्गाने जा, पेपरवाल्यांकडे कशाला जाता. योग्य मार्गाने गेलेल्या माणसाची गोष्ट म्हणून अमेरिकेतल्या थॉमस ड्रेकचं बघा. एनएसए या तिथल्या गुप्तचर संस्थेतला मोठा अधिकारी, करोडो डॉलर वाया जातायत आणि लोकांवर बेकायदा पाळत ठेवली जातेय म्हणून त्याने वरिष्ठांना सांगितलं, महानिरीक्षकांच्या चौकशीत माहिती दिली, संसदेच्या समितीपर्यंत गेला. सगळे योग्य मार्ग. त्यानंतर कुठे तो एका पत्रकाराशी बोलला. २०१० मध्ये त्याच्यावर १० आरोप, १९१७ च्या हेरगिरी कायद्यासकट, ३५ वर्षं जेल होऊ शकली असती. २०११ मध्ये खटला उभा राहायच्या तोंडावर सरकारने सगळे मोठे आरोप सोडून दिले, कॉम्प्युटरचा अधिकाराबाहेर वापर एवढा किरकोळ गुन्हा उरला, वर्षभर प्रोबेशन आणि २४० तास समाजसेवा. न्यायाधीशांनी सरकारला झापलंसुद्धा. पण नोकरी गेली, पेन्शन गेली, वकिलात पैसे गेले, हा माणूस अॅपलच्या दुकानात काम करत होता. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅकब्राइड, सैन्यातला वकील, आधी आत तक्रार केली, मग अफगाणिस्तानातले कागद एबीसी या तिथल्या वृत्तवाहिनीला दिले, मे २०२४ मध्ये ५ वर्षं ८ महिने. ब्रिटनमध्ये १९८५ ला क्लाइव्ह पॉन्टिंग या अधिकाऱ्याला ज्युरीने निर्दोष सोडलं, त्याने फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाचं बेलग्रानो जहाज बुडवल्याबद्दलचे कागद एका खासदाराला दिले होते, आणि पुढे तिथल्या सरकारने १९८९ मध्ये कायदाच असा बदलला की लोकहिताचा बचाव कोणाला घेताच येऊ नये. म्हणजे हे आपल्याच देशाचं दुखणं आहे असं नाही, पण त्यामुळे आपलं कमी दुखत नाही.

मग आपल्याकडे संरक्षणाचा कायदा नाहीच का? आहे. हा भाग लिहिताना मला खरंच राग येतो. व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन अॅक्ट, २०१४. दोन्ही सभागृहांत पास, ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही. त्यात नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि ५०,००० पर्यंत दंड आहे. त्रास दिला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी खात्यावर आहे. गुपिते कायदा आडवा येणार नाही असंही त्यात होतं. आणि राज्य सरकारचे कर्मचारीसुद्धा त्यात बसत होते, म्हणजे आमचा वीज खात्यातला लाइनमन, पंचायत सेक्रेटरी, सगळे. पण सरकारने तो लागू करायची तारीखच काढली नाही. २०१५ मध्ये दुरुस्ती आणली, त्यात १० प्रकारची माहिती उघड करायला बंदी आणि गुपिते कायद्यापासूनचं संरक्षण काढून टाकलेलं, ती लोकसभेत पास झाली आणि २०१९ ला लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झाली. मूळ कायदा कपाटात तसाच. शिक्षा करणारा कायदा शंभर वर्षं एक दिवस सुट्टी न घेता चालू आणि वाचवणारा कायदा सही होऊनही बंद, मधे आपण २००४ चा एक ठराव धरून बसलोय ज्यात नाव फोडणाऱ्या अधिकाऱ्याला जेल होईल असं काही नाही.

गोवा सरकारच्या नोकरांचं काय, हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो कारण गोव्यात निम्मी घरं सरकारी नोकरीवर. खाणीच्या वेळचं आठवा, २०१२ मध्ये शहा आयोगाने जवळजवळ ३५,००० कोटींचा आकडा सांगितला, एवढं खनिज परवान्याशिवाय ट्रकांनी रस्त्यावरून, बार्जनी मांडवी-झुआरीतून गेलं, आणि एकाही कारकुनाच्या, एकाही चेकनाक्यावरच्या माणसाच्या डोळ्यांसमोरून गेलं नाही असं कोण म्हणेल? त्यांनी सांगायचं कोणाला होतं? केंद्रीय आयोगाच्या कक्षेत राज्याचे कर्मचारी नाहीत, हे नियमात स्वच्छ लिहिलंय. लोकायुक्त आहेत, पण २०२० मध्ये निवृत्त होताना लोकायुक्त न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा यांनीच जाहीरपणे सांगितलं की दिलेल्या २१ अहवालांपैकी एकावरही सरकारने कारवाई केली नाही, असं असेल तर ही संस्था बंदच करा. ज्यांनी ते पद सांभाळलं ते असं म्हणतात तिथे मी एखाद्या ज्युनियर इंजिनियरला तोंड उघड म्हणून कसं सांगू?

त्यांना मी दुसरा रस्ता सांगते, माहितीचा अधिकार. कागद स्वतः बाहेर काढायचाच नाही. फाइल नंबर आणि तारीख काय ती कळली की तोच कागद बाहेरच्या माणसाने आरटीआय टाकून मागवायचा, म्हणजे तो सरकारनेच दिलेला कागद होतो, चोरीचा नाही. केंद्राच्या आधी १९९७ मध्येच गोव्याने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, आपल्याला ही सवय जुनी आहे. १० रुपये, ३० दिवस, कारण विचारता येत नाही, नाही दिलं तर पहिलं अपील, मग पणजीत पाटोला राज्य माहिती आयोग. कलम २२ प्रमाणे हा कायदा गुपिते कायद्याच्या वर आहे आणि कलम ८(२) म्हणतं की लोकहित मोठं असेल तर गुप्त कागदसुद्धा द्यायला हरकत नाही. राफेलच्या निकालात हेच कलम उपयोगी पडलं. अर्जदारालाही भीती असते, तळेगावच्या सतीश शेट्टींना जानेवारी २०१० मध्ये जमिनीचे घोटाळे काढले म्हणून जीव गमवावा लागला हे मराठी वाचकाला सांगायला नको. कलकत्ता हायकोर्टाने २०१३ मध्ये सांगितलंय की अर्जदाराने घरचा पत्ता न देता पोस्ट बॉक्स नंबर दिला तरी चालतो, आणि केंद्राने ते सगळ्या खात्यांना कळवलंय, तर ते वापरा. मात्र २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याने आरटीआयच्या कलम ८(१)(जे) ला हात लावलाय, वैयक्तिक माहिती म्हटलं की नकार द्यायला आता फार सोपं केलंय, त्यामुळे अर्जात माणसाचं नाव घालून विचारू नका, कामाचं नाव घाला, रस्ता, टेंडर, बिल, मोजमाप पुस्तक.

पत्रकारांना कागद देणाऱ्यांसाठी एकच सांगते, सोर्सचं नाव सांगायचं नाही हा पत्रकाराचा शब्द असतो, कायदा नसतो. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात पत्रकाराला सोर्स सांगायची सक्ती करता येत नाही ती फक्त कौन्सिलसमोर, पोलिसांसमोर आणि कोर्टात तसं काही नाही. पत्रकार कितीही चांगला असला तरी त्याचा फोन जप्त झाला की तुमचा नंबर त्यात असतो.

तर केंद्राच्या नोकरीतल्यांनी पाकीट पाठवायचंच ठरवलं असेल तर मजकूर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाइप करू नका, ऑफिसच्या प्रिंटरवर काढू नका, झेरॉक्स दुसऱ्या गावात काढा, मूळ कागदावरच्या खुणा बघा, जो कागद फक्त तुमच्याच टेबलावर येतो तो लावू नका, त्याऐवजी तो कुठल्या फाइलमध्ये कितव्या पानावर मिळेल ते लिहा म्हणजे तपासणारा स्वतः काढेल. एकदा पाठवलंत की ते खात्री करणारं पत्र सोडून दुसरी पोच येणार नाही, पुढे पत्रव्यवहार करू नका असं आयोगच सांगतो, तेव्हा ऑफिसात कोणाला हळूच सुद्धा बोलू नका, चहाच्या टपरीवर तर नाहीच. पाठवायच्या आधी गेल्या काही वर्षांचे तुमचे सीआर म्हणजे गोपनीय अहवाल, बदलीच्या ऑर्डर, रजेचे मंजूर अर्ज यांच्या प्रती काढून घरी नाही, बहिणीकडे किंवा वकिलाकडे ठेवा, उद्या त्रास झाला तर आधी सगळं ठीक होतं हे दाखवायला तेवढंच हातात असतं.